भाची पुण्यात इंजिनीअरिंगला आली त्याची गोष्ट, कागदपत्रांसकट

माझी भाची यंदा, म्हणजे २०२५ ला, पुण्यात इंजिनीअरिंगच्या फर्स्ट इयरला आली. ताई-दाजी केज तालुक्यातले, थोडी शेती आणि एक छोटं दुकान, घरातून इंजिनीअरिंगला जाणारी ही पहिलीच. मी बरीच वर्षं पुण्यात नोकरी करतेय म्हणून सगळ्यांनी धरूनच चाललं की मावशीला सगळं माहीत असणार. मावशी बी.कॉम., तेही फॉर्म खिडकीवर मिळायचा त्या काळातली. सीईटी सेल (प्रवेश परीक्षा आणि प्रवेश सांभाळणारं सरकारी ऑफिस), कॅप राउंड (सगळ्या कॉलेजांच्या एकत्रित ऑनलाइन प्रवेशाच्या फेऱ्या), महाडीबीटी (सरकारी शिष्यवृत्तीचं पोर्टल) वगैरे शब्द मी पेपरात वाचले होते तेवढेच. तर जून ते सप्टेंबर काय काय झालं ते ओळीने लिहून काढतेय, पुढच्या वर्षी ज्यांच्या घरी हे येणार आहे त्यांच्यासाठी. कॉलेजचं आणि हॉस्टेलचं नाव लिहीत नाही, थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच चालतं.

दाजींनी एक काम मात्र फार चांगलं केलं होतं, बारावीचा निकाल लागल्या लागल्या तहसीलच्या चकरा सुरू केल्या. ती ओबीसीतून असल्यामुळे जातीचा दाखला, व्हॅलिडिटी (जात पडताळणीचं प्रमाणपत्र), नॉन क्रीमी लेयर, डोमिसाइल आणि उत्पन्नाचा दाखला एवढं लागतं. व्हॅलिडिटी अकरावीतच हातात आली होती हे नशीब, कारण तिला किती वेळ लागेल हे कुणीच सांगू शकत नाही. नॉन क्रीमी लेयरवरची तारीख नीट बघा, ते ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध असलेलं लागत होतं, गेल्या वर्षीचं चालत नाही. जूनमध्ये सेतूत मुंगीलाही वाव नसतो आणि सर्व्हर डाऊन असतो तो वेगळाच, त्यामुळे हे मे महिन्यातच उरकलेलं बरं.

रजिस्ट्रेशन जूनच्या शेवटी सुरू झालं. आम्ही ई-स्क्रुटिनी घेतली म्हणजे घरबसल्या कागद अपलोड करायचे आणि समोरून कुणीतरी तपासतं. एकदा डोमिसाइलची स्कॅन पुसट आहे म्हणून अर्ज परत आला, मोबाईलवर काढलेला फोटो होता तो, मग दुकानातून नीट स्कॅन करून टाकला. लॉगिन रोज एकदा उघडून बघायचं, मेसेज येईल म्हणून थांबायचं नाही.

ऑप्शन फॉर्मबद्दल, म्हणजे कॉलेज आणि ब्रँच पसंतीच्या क्रमाने भरायच्या यादीबद्दल, मी फार लिहीत नाही, कुठलं कॉलेज चांगलं यावर बोलणारे तुम्हाला गल्लोगल्ली भेटतील. फक्त यंदाचा नियम सांगते कारण त्यावर आमच्या घरात दोन दिवस वाद झाला. यंदा चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत तुमचा पहिल्या नंबरचा ऑप्शन लागला तर सीट आपोआप फ्रीझ, म्हणजे तीच पक्की, पुढच्या फेरीत जाता येत नाही, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी काही लागलं तर फ्रीझ, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी. म्हणजे नंतर बघू म्हणून वरच्या तीनात काहीही भरून ठेवलं तर ते गळ्यात पडतं. दाजींचं म्हणणं होतं नाव मोठं असलेली कॉलेजं वर टाका, भाचीचं म्हणणं होतं की मला कॉम्प्युटरच हवंय, कॉलेज थोडं खालचं चालेल. शेवटी फॉर्म तिने भरला आणि तेच बरोबर होतं, चार वर्षं तिला बसायचंय त्या वर्गात. दुसऱ्या फेरीत तिचा दुसरा ऑप्शन लागला, सीट फ्रीझ, सीट ॲक्सेप्टन्सचे १,००० रुपये ऑनलाइन भरले. रात्री फोनवर सगळे एकाच वेळी बोलत होते.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात रिपोर्टिंग, म्हणजे कॉलेजात जाऊन प्रवेश पक्का करणं. तिघं रात्रीच्या एसटीने निघून पहाटे वाकडेवाडीला उतरली. ताईला आणि भाचीला अर्धं तिकीट, महिलांना एसटीत निम्मं भाडं आहेच, पण आधार कार्ड हाताशी ठेवा.

दाजींच्या हातात एक प्लॅस्टिकची फाइल, तिला दोन रबर, आणि आत एक शंभर पानी वही. त्या वहीत प्रत्येक पावतीचा नंबर, तारीख, कुणाला दिली, कुणी घेतली. मला आधी हसू आलं, पण पुढचे दोन महिने आम्ही सगळे त्याच वहीवर जगलो. कुठलाही ॲप्लिकेशन आयडी विचारला की दाजी फोनवरून सांगणार, पान उलटल्याचा आवाज आणि मग नंबर.

कॉलेजात मोठी रांग. पालक पुढे, मुलं मागे, सगळीकडे हेच चित्र. खिडकीतल्या मॅडम विचारतायत ईमेल आयडी काय, दाजी वळून भाचीकडे बघतायत, भाची ताईकडे बघतेय. तिसऱ्या प्रश्नाला मॅडमच म्हणाल्या, "शिकायचं कुणाला आहे? तिला येऊ द्या पुढं." बोलणं जरा झोंबलं खरं, पण त्यानंतर आम्ही नियमच केला की खिडकीवर ती उभी राहणार आणि आम्ही मागे फाइल धरून. पहिल्या दिवशी तिचा आवाज निघत नव्हता. आठवड्याभरात ती क्लार्कला "सर, पावतीवर शिक्का राहिलाय" असं सांगायला लागली. मला विचाराल तर या सगळ्या धावपळीत तिच्या कामाची हीच गोष्ट झाली, बाकी फॉर्म काय, कुणीही भरून देतं.

फीबद्दल. जुलै २०२४ च्या जीआरप्रमाणे (सरकारी निर्णय) ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) गटातल्या मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅपमधून असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. मॅनेजमेंट कोट्याला नाही. गावाकडे मात्र "मुलींना सगळं फुकट" एवढंच पोचलंय, तसं नाही. डेव्हलपमेंट फी आणि बाकीचं किरकोळ मिळून आम्हाला साधारण १७,००० भरावे लागले. दाजी तयारीने आले होते म्हणून ठीक, पण शेजारच्या रांगेतले एक काका फक्त भाड्याचे पैसे घेऊन आले होते, त्यांना भाच्याला फोन करून पैसे मागवावे लागले. आधी कॉलेजच्या वेबसाइटवर फीचा तक्ता बघा, त्यात शिक्षण शुल्क सोडून उरलेलं किती ते मोजा आणि थोडे जास्तच घेऊन या.

मूळ कागदपत्रांचं पण सांगते. एलसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, कॉलेजात जमा होतो, तो परत मिळत नाही, म्हणून त्याची कलर स्कॅन आणि पाच-सहा झेरॉक्स आधीच काढा, पुढे प्रत्येक ऑफिसात लागतो. बाकीच्या मार्कशीट, दाखले बघून परत द्यायचे असतात, यूजीसीचं (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१८ पासून तसं स्पष्ट सांगणं आहे. आमच्याकडे "राहू द्या, नंतर नेता येतील" असं म्हटलं गेलं. भाचीने शांतपणे सांगितलं की स्कॉलरशिपला ओरिजिनल लागणार आहेत, मग लगेच तपासून परत दिले. भांडावं लागलं नाही.

आता हॉस्टेल, म्हणजे सगळ्यात जास्त डोकं खाणारा भाग. कॉलेजचं मुलींचं हॉस्टेल होतं, पण फर्स्ट इयरची यादी सगळ्या फेऱ्या झाल्यावर लागणार, मेरिटने, आणि वर्ग तर लगेच सुरू. मधला महिना-दीड महिना राहायचं कुठे? माझ्याकडे राहिली असती, पण माझं घर कॉलेजपासून दोन बस लांब आणि तिचं प्रॅक्टिकल सकाळी आठला. म्हणून खाजगी हॉस्टेल शोधलं. तीन जणींची खोली, महिना ८,५००, दोन महिन्यांचं डिपॉझिट. जेवण वेगळं, मेस ३,२०० दोन वेळचं, रविवारी रात्री बंद.

बघायला जाल तेव्हा हे विचारा, मालक स्वतःहून सांगत नाहीत: किती महिन्यांचं बंधन आहे, मधेच सोडलं तर डिपॉझिटचं काय, लाइट बिल वेगळं का, गरम पाणी किती वाजेपर्यंत, गेट किती वाजता बंद. आणि पावती. एका ठिकाणी बाई म्हणाल्या, "आम्ही पावती देत नाही, विश्वासाचं काम आहे." ताई तिथूनच वळली. पावती पुढे राहण्या-जेवणाच्या सरकारी भत्त्याच्या अर्जाला लागते, ती नसेल तर खोली कितीही चांगली असू द्या.

लोकल गार्डियन म्हणून माझा फॉर्म भरला, दोन फोटो, आधारची झेरॉक्स, सही. रात्री बाहेर राहायचं असेल तर आईवडिलांचा फोन आणि माझी सही दोन्ही लागतं. ज्यांचं शहरात कुणीच नाही त्यांनी हॉस्टेलच्या ऑफिसात सरळ विचारावं, आईवडिलांच्या व्हिडिओ कॉलवर भागवतात बऱ्याच ठिकाणी.

दाजींना गेटच्या आत सोडलं नाही. ते बाहेर बाकावर बसले फाइल घेऊन, आणि मी, ताई, भाची वर. तीन कॉट, तीन लोखंडी कपाटं, आणि प्लगचा पॉइंट एकच, तोही दाराजवळ. ताईने पर्समधून मार्कर काढला आणि बादली, मग, झाडू, हँगर, सगळ्यावर नाव घातलं. मग कपाटाला गावाहून आणलेलं कुलूप लावून बघितलं, ते कडीत बसेना, जाड होतं. खाली जाऊन छोटं कुलूप आणलं, एक किल्ली भाचीला, एक मला. मग पुन्हा कपाट उघडून तिने सगळे कपडे परत घडी केले, जे आधीच घडी केलेले होते. मी काही बोलले नाही. शेवटी भाचीच म्हणाली, "मम्मी, बास आता, पप्पा खाली उन्हात बसलेत."

गावाहून पलंगाएवढी बोजकी आणू नका. गादी इथे हजार-बाराशेला मिळते. एक्स्टेन्शन बोर्ड, दोरी, चिमटे, टॉर्च, ताप-पोटाच्या गोळ्या एवढं पहिल्या दिवशी लागतं. शेंगदाण्याची चटणी आणि धपाटे मात्र आणाच, खोलीतल्या मुलींशी ओळख त्यावरच झाली, एक चंद्रपूरची आणि एक सांगोल्याची.

मग १५ ऑगस्ट शुक्रवारी, शनिवारी दहीहंडी, रविवार. सगळी ऑफिसं बंद. ताई-दाजींना थांबायचं होतं, काही राहिलंय का बघायला, पण काही होणारच नव्हतं आणि घरी सोयाबीनची फवारणी अडली होती, आठवड्याने पोळा. शनिवारी सकाळी त्यांना गाडीत बसवलं. वाटलं तसं रडारड झाली नाही, ताई खिडकीतून मला मेसचं काहीतरी सांगत होती, गाडी सुटली तरी सांगतच होती.

सोमवारपासून इंडक्शन. एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाची देशपातळीवरची परिषद) इंजिनीअरिंगच्या नव्या मुलांना तीन आठवड्यांचा इंडक्शन प्रोग्रॅम ठेवलाय, त्यात लगेच शिकवणं नसतं, ओळखी, खेळ, युनिव्हर्सल ह्युमन व्हॅल्यूजचे तास, कॅम्पस दाखवणं. गावाकडून विचारणा सुरू, "शिकवत नाहीत तर मग एवढ्या घाईने कशाला बोलावलं?" मलाही आधी तसंच वाटलं. पण पहिल्या आठवड्यात तिला लायब्ररी, स्टुडंट सेक्शन, आपले मेंटॉर सर कुठे बसतात हे कळलं आणि वर्गातल्या मराठी मीडियमच्या चार मुली सापडल्या. इंडक्शन बुडवू नका, ज्या मुली थेट लेक्चरला आल्या त्या महिनाभर एकट्याच बसत होत्या असं ती सांगते.

पहिल्या आठवड्यात तिला धसका बसला तो इंग्रजीचा. सगळं इंग्रजीत, तेही भरभर. मेंटॉर सरांनीच सांगितलं की एआयसीटीईच्या ई-कुंभ पोर्टलवर फर्स्ट इयरची पुस्तकं मराठीत आहेत, मोफत उतरवून घेता येतात. ती आधी मराठीत वाचते, मग इंग्रजीत. मला हे कुणी माझ्या वेळी दिलं असतं तर, असो.

ऑनलाइन कामं या काळात तिने एकेक करत उरकली. अँटी रॅगिंगचं हमीपत्र विद्यार्थ्याचं आणि पालकांचं दोन्ही लागतं, दरवर्षी भरायचं, ईमेलवर रेफरन्स नंबर येतो तो कॉलेजला द्यायचा. एक पैसा लागत नाही, कॉलेजबाहेर दुकानात त्याचे दीडशे घेत होते. रॅगिंगची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, चोवीस तास चालते, नंबर नुसता वहीत नको, मोबाईलमध्ये सेव्ह करा. मग एबीसी आयडी, म्हणजे क्रेडिटचं खातं, डिजिलॉकरमधून निघतं. तिथे अडलं. मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर आडनाव शेवटी, आणि दाजींच्या नावात एका ठिकाणी एक ए जास्त. नावाचा क्रम मागेपुढे असला तरी चाललं, पण स्पेलिंगचा फरक पुढे परीक्षेच्या फॉर्मला नडेल म्हणून आधार केंद्रावर जाऊन दुरुस्त केलं, अपडेट व्हायला दहाएक दिवस लागले. तुमच्या मुलांची दहावीची मार्कशीट आणि आधार आजच शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा, बारावीच्या सुट्टीत हे काम आरामात होतं.

बँकेचं नीट वाचा. महाडीबीटीचे पैसे आधारला सीडिंग असलेल्या, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी (डीबीटी) आधारशी जोडलेल्या, खात्यात येतात. खात्याला आधार नंबर दिलेला असणं वेगळं आणि डीबीटीसाठी सीडिंग असणं वेगळं. सगळ्यात शेवटी जे खातं सीड झालं तिथे पैसे जातात. पुण्यात नवं सिम घेताना दुकानदार "हे पण करून देतो, कॅशबॅक आहे" म्हणत एखादं खातं उघडून देतात आणि सीडिंग गुपचूप तिकडे सरकतं. तिच्या खोलीतल्या मुलीचं अगदी हेच झालेलं. माय आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस दिसतं, दोन मिनिटांचं काम आहे. भाचीचं गावाकडच्या बँकेतलंच सीड होतं, आम्ही ते तसंच ठेवलं.

सरकारी हॉस्टेल मिळालं नाही तर ओबीसी मुलांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, पुण्यासारख्या शहरात राहणाऱ्यांना वर्षाला ६०,०००, त्यात जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. उत्पन्नाची अट कडक आहे आणि जागा मोजक्या, मेरिटवर. पैसे लगेच येतील असं धरून बजेट करू नका, पहिलं सहा महिन्यांचं आपल्या खिशातूनच जाणार. शिवाय पुण्यात गावाकडच्या गरजू मुलांसाठी विद्यार्थी साहाय्यक समितीसारखी जुनी वसतिगृहं आहेत, १९५५ पासूनची, त्यांचे अर्ज निकालाच्या आसपासच निघतात. आम्हाला ते ऑगस्टमध्ये कळलं तेव्हा जागा भरलेल्या होत्या. तुम्ही जूनमध्येच चौकशी करा.

तिसऱ्या आठवड्यात ती ढासळली. आधी सगळं छान चाललेलं, नवलाई होती, आणि मग एका रविवारी मेस बंद, खोलीतल्या दोघी गावाला, तिचा मला फोन, "मावशी, मला नाही जमणार इथं." मी जाऊन तिला घरी घेऊन आले, खिचडी खाल्ली, झोपली. ताईला लगेच कळवलं नाही, दुसऱ्या दिवशी सांगितलं. कारण ताई दिवसातून पाच वेळा फोन करत होती आणि प्रत्येक फोनला "जेवलीस का" नंतर "करमतं का" विचारत होती, आणि करमतं का विचारलं की न करमण्याची आठवण होतेच ना. मग आम्ही ठरवलं, रात्री साडेनऊला एक फोन, आणि तो भाची करणार. ताईला जड गेलं हे. पहिले काही दिवस ती नऊपासून फोन हातात घेऊन बसायची असं दाजी सांगत होते. घरच्यांची पण एक सवय मोडायची असते, त्यांच्यासाठी कुठलं इंडक्शन नसतं.

२७ ऑगस्टला गणपती बसले, ३१ ला महालक्ष्म्या येणार. आमच्याकडे दिवाळी चुकली तरी चालेल, महालक्ष्म्यांना घरी पाहिजे. तिने स्वतः मेंटॉर सरांना जाऊन विचारलं, मेल टाकला, दोन दिवसांची रजा घेतली. रिझर्व्हेशन मिळालं ते फक्त दुपारच्या गाडीचं, गणपतीत पुण्याहून निघणाऱ्या गाड्या आधीच भरतात, तारीख कळली की लगेच काढा. परत आली ती एकटी आली, वाकडेवाडीहून बस बदलून थेट हॉस्टेलला, पोचल्यावर मला मेसेज. मेट्रोचं विद्यार्थी कार्ड पण काढलंय, तिकिटात तीस टक्के सूट आहे.

सप्टेंबरच्या मध्यात कॉलेज हॉस्टेलची यादी लागली आणि तिचं नाव आलं. खाजगी हॉस्टेलवाल्यांनी डिपॉझिटमधून एक महिन्याचं भाडं कापलं कारण महिनाभर आधी सांगायचं असं पावतीच्या मागे बारीक अक्षरात होतं. आम्हाला ते माहीत होतं, दाजींच्या वहीत पण होतं, पण यादीची तारीखच कुणाला माहीत नव्हती तर नोटीस देणार कधी. उरलेलं परत मिळालं. कॉलेज हॉस्टेलचं वर्षाचं एकदम भरावं लागलं, तरी हिशेब केला तर खाजगीच्या निम्म्यात पडतंय.

आता महाडीबीटीचा अर्ज कॉलेजच्या डेस्कवर आहे. ती दर सोमवारी लॉगिन बघते, कारण काही त्रुटी काढली तर ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यावं लागतं. दाजींना सांगून ठेवलंय की एप्रिलमध्ये नवं आर्थिक वर्ष लागलं की उत्पन्नाचा दाखला नव्याने काढा, सेकंड इयरच्या अर्जाला लागेल, आणि त्यांनी ते वहीत लिहूनही घेतलंय.